गंजलेल्या नटाची सोडवणूक

जुनी मोटारगाडी घरी दुरुस्त करणे म्हणजे बहुतांशी जुने नट सोडविणे होय. नवा भाग बसविण्यास किती वेळ लागेल याचा अंदाज करता येतो. जुना भाग काढण्यास किती वेळ लागेल हे मात्र कोणतेही माहितीपुस्तक सांगत नाही. बंगळुरात, बसवनगुडीतील एखाद्या जुन्या घराच्या अंगणात, रविवारी सकाळी अँबॅसिडरच्या इंजिनाला जोडलेली धुराची नळी उतरविण्याचे काम सुरू होते. नळी तीन नटांनी धरलेली असते. पहिला नट दहा मिनिटांत निघतो, दुसरा थोड्या कुरकुरीनंतर निघतो, आणि तिसरा जागचा हलत नाही. दुपारच्या जेवणापूर्वी गाडी रस्त्यावर आणण्याचा बेत असतो. अशा वेळी माणूस पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घालतो, पाय रोवून जोर करतो, आणि एक बारीक आवाज होऊन त्याच्या हाती नट व त्यात अडकलेला स्टडचा अर्धा तुकडा येतो. उरलेला अर्धा ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डमध्ये राहतो. काही मिनिटांच्या कामाला आता दोन दिवस लागणार असतात.

हा तुटका तुकडा क्षुल्लक वाटला तरी जुन्या गाडीच्या बाबतीत तो तसा नसतो. हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात अँबॅसिडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. त्याच वर्षाच्या जानेवारीत मारुती ८०० बंद झाली. पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास संपले, आणि मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेरल्ड तर त्याच्या कितीतरी आधी इतिहासजमा झाली होती. बंगळुरातील जयचामराजेंद्र रस्त्यावर, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील जे. सी. रोडवर, नेहमी झिजणारे भाग अजून मिळू शकतात: गास्केट, ब्रेकची रबरे, क्लचच्या तबकड्या. शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांचे अवशेष चाळता येतात. परंतु सिलिंडर हेड किंवा मॅनिफोल्ड यांसारखा ओतीव भाग चांगल्या स्थितीत सापडणे हा नशिबाचा भाग आहे. आणि सापडला तरी त्यावरील स्टड तितकेच जुने व तितकेच गंजलेले असतात. म्हणून नट कसा सोडवावा या प्रश्नात गाडी चालती राहणार की अंगणात कायमची उभी राहणार, हा प्रश्न दडलेला असतो.

पद्मिनी तयार करणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये मुंबईत स्थापन केली. त्याआधी, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने त्यांनीच बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना काढला होता. पुढे टेलिफोनचा, यंत्रसाधनांचा आणि आडुगोडी येथील मायकोचा, म्हणजे स्पार्क प्लगचा व डिझेल पंपांचा, असे एकामागून एक कारखाने या शहरात आले. पाना, कानस आणि मापकंपास यांची ओळख असलेली घरे बंगळुरात पुष्कळ आहेत ती त्यामुळेच. जुनी गाडी स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्याचा येथील छंद केवळ हौसेपोटी जन्मलेला नाही.

हवामानाच्या दृष्टीनेही हे शहर जुन्या गाड्यांना बरे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात वर्षाला सरासरी एक हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; मुंबईत तो दोन हजारांच्या पुढे जातो. महत्त्वाचा फरक मात्र पावसाच्या प्रमाणाचा नसून मिठाचा आहे. समुद्र येथून दूर असल्यामुळे हवेत खार नसतो. ज्याचे आयुष्य बंगळुरातच गेले अशा गाडीचे नट बहुधा वरवर गंजलेले असतात. नोकरीतील बदलीमुळे एखादे मराठी कुटुंब दादरहून किंवा रत्नागिरीहून येथे येते आणि आपली पद्मिनीही बरोबर आणते. तिच्या बुडाखाली पाहिले की ती किनाऱ्यावर वाढली आहे हे लपत नाही. पाण्यात मीठ विरघळले की ते विजेचे चांगले वाहक बनते, आणि गंजण्याची क्रिया मुळात विद्युत्-रासायनिक असल्याने ती झपाट्याने होते. अशी गाडी विकत घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्यापूर्वी खालचे नट पाहावेत.

नटाला नेमके कोण धरून ठेवते हे समजले म्हणजे पुढील अर्धे काम सोपे होते. नट आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो, अगदी रबराप्रमाणे, मात्र डोळ्यांना न दिसण्याइतका. हा ताण दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. हाताने लावलेल्या पिळापैकी ढोबळमानाने एक दशांशच या ताणासाठी खर्ची पडतो. सुमारे निम्मा पीळ नटाच्या तळाशी होणाऱ्या घर्षणात जातो आणि उरलेला आट्यांमधील घर्षणात. म्हणजे चांगल्या स्थितीतील नटदेखील मुख्यतः घर्षणामुळेच जागेवर राहतो. सोडविताना मळसूत्राचा उतार आपल्याला साहाय्य करतो, म्हणून स्वच्छ नट सोडविण्यास आवळण्यापेक्षा थोडा कमीच जोर लागतो.

गंज चढला की हा हिशेब उलटतो. नटाचे व बोल्टचे आटे एकमेकांत अगदी घट्ट बसत नाहीत. त्यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी फट ठेवलेली असते. ओलावा त्या फटीत शिरतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. साहजिकच ती सूक्ष्म फट भरून जाते, आणि फट भरल्यानंतरही गंज वाढतच राहिल्याने तो आट्यांना आतून दाबू लागतो. आता नट फिरविणे म्हणजे पाचरी ठोकलेले दार ओढण्यासारखे असते. धुराच्या नळीजवळ भर पडते ती उष्णतेची. दररोज तापणे व निवणे यांमुळे गंजाचे थर भाजून कठीण होतात, आणि स्टडची जाडीच कमी होत जाते. बाहेरून आठ मिलिमीटरचा वाटणारा स्टड आत सहाचा उरलेला असू शकतो.

दुसरा प्रकार भिन्न धातूंचा. पद्मिनीचे सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि स्पार्क प्लगचे अंग पोलादाचे. हे दोन धातू ओलाव्यात एकत्र आले की लहानशा विद्युत्-घटाप्रमाणे वागतात, आणि झीज ॲल्युमिनियमची होते. त्यातून तयार होणारी पांढरी भुकटी आट्यांत सिमेंटासारखी बसते. असा प्लग जोर करून ओढला तर प्लग निघतो, परंतु हेडमधील आटे तारेच्या वेटोळ्यासारखे त्याच्याबरोबर बाहेर येतात. अँबॅसिडरचे जुने हेड ओतीव लोखंडाचे असल्याने तेथे हा धोका फारसा नाही.

आता पाइपाकडे वळू. आठ मिलिमीटर व्यासाचा साधारण प्रतीचा स्टड तुटण्यास तीन ते चार किलोग्रॅम-मीटर एवढा पीळ पुरतो. पंधरा सेंटिमीटर लांबीच्या साध्या पान्यावर पंचवीस किलोग्रॅमचा जोर लावला की पावणेचार किलोग्रॅम-मीटर पीळ होतो, आणि तेवढा जोर एखादा तरुण सहज करतो. म्हणजे मनगटातच स्टड तोडण्याइतकी शक्ती आधीपासून असते. ती पाइप लावून तिप्पट करण्याचे कारणच नाही. चाकाच्या नटाची गोष्ट वेगळी. ते जाड असतात, आठ-दहा किलोग्रॅम-मीटरने आवळलेले असतात, आणि त्यांना लांब दांडा योग्यच आहे. लहान नट अडला असता बहुधा कमी पडते ती शक्ती नव्हे. कमी पडतो वेळ.

तेलाची कुपी उघडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहावयाच्या असतात. पहिली अशी की नटाला कुलूप तर नाही ना. स्टिअरिंगच्या व चाकांच्या बेअरिंगच्या नटांतून दुमडलेली खिळी, म्हणजे स्प्लिट पिन, आरपार घातलेली असते. काही ठिकाणी पत्र्याच्या वाशरची कड नटाच्या अंगावर दुमडलेली असते. वर्षानुवर्षांच्या चिखलाखाली हे काहीच दिसत नाही, आणि गंजला म्हणून शिव्या खाणारा नट प्रत्यक्षात केवळ कुलूपबंद असतो. म्हणून प्रथम तारेच्या ब्रशने नट व बाहेर आलेले आटे धातू दिसेपर्यंत घासावेत. डोळ्यांवर चष्मा हवाच. गाडीखाली निजून वर पाहणाऱ्याच्या डोळ्यात गंजाचा कण पडण्यास क्षणही लागत नाही. हे घासणे दुसऱ्याही कारणासाठी आवश्यक आहे. नट ज्या आट्यांवरून बाहेर येणार तेच गंजाने भरलेले असतील, तर सुटलेला नट अर्ध्या वाटेवर पुन्हा अडकतो.

दुसरी गोष्ट दिशेची. नटाकडे समोरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरविले की तो सुटतो. हे सर्वांना ठाऊक असते. परंतु गाडीखाली उताणे पडून, पलीकडच्या बाजूस हात घालून, नटाच्या पाठीमागून काम करताना भले भले कारागीरही तो आवळत बसतात. शिवाय काही गाड्यांत उलटे आटे असतात. विलिस धर्तीच्या जुन्या जीपगाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. असा नट जो जो जोराने सोडवावा तो तो आवळला जातो.

मग येतो पाना. जुन्या गाड्यांतील जितके नट गंजाने वाया जातात, तितकेच चुकीच्या पान्याने वाया जात असावेत. अँबॅसिडर आणि हेरल्ड या इंग्रजी घराण्याच्या गाड्या. त्यांचे नट इंचांच्या मापाचे. पद्मिनी इटालियन फियाट घराण्याची. तिचे नट मिलिमीटरच्या मापाचे. मारुतीही मिलिमीटरचीच. अँबॅसिडरला १९९० च्या दशकात जपानी बनावटीचे इसुझु इंजिन बसू लागले, तेव्हा एकाच गाडीत दोन्ही मापे नांदू लागली. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसतो, परंतु ०.३ मिलिमीटर सैल बसतो. सैल पाना नटाच्या सपाट बाजूंना न धरता केवळ सहा कोपऱ्यांवर जोर देतो, आणि जुने मऊ पोलाद त्या जोरापुढे गोल होऊन जाते. पाच अष्टमांश इंचावर सोळाचा पाना त्या मानाने बरा चालतो, आणि पाऊण इंच व एकोणीस मिलिमीटर ही मापे तर जवळजवळ सारखीच. परंतु नऊ षोडशांश इंचावर चौदाचा चढत नाही आणि पंधराचा गोल फिरतो. याहून जुन्या इंग्रजी गाड्यांत व्हिटवर्थ पद्धतीची मापे आढळतात. त्यांत पान्यावरील आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या व्यासाचा असतो, आणि नवशिक्याचा गोंधळ पूर्ण होतो.

उघड्या तोंडाचा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो; अडलेल्या नटासाठी तो पेटीतच राहू द्यावा. बंद रिंगचा पाना अधिक चांगला. सर्वांत उत्तम म्हणजे सहा कोनी सॉकेट, ज्याला कारागीर गोटी म्हणतात. बारा कोनी सॉकेट चढविण्यास सोयीचे असले तरी झिजलेल्या नटावर ते घसरते. सॉकेट पूर्ण खोल बसले आहे याची खात्री करावी, त्यासाठी प्रसंगी हातोडीने हलकेच ठोकावे.

तेलाविषयी अनेक समज आहेत. इंजिनाचे साधे तेल येथे उपयोगी नाही. ते इतके दाट असते की आट्यांच्या फटीच्या तोंडाशीच थांबते. पातळ द्रव मात्र केशाकर्षणाने आत शिरतो, जशी दिव्याच्या वातीत तेलाची चढण होते तसा. पूर्वीचे कारागीर रॉकेलात किंवा डिझेलमध्ये थोडे इंजिनाचे तेल मिसळून वापरीत, आणि ते मिश्रण आजही कामाचे आहे. डब्ल्यूडी-४० हे फवाऱ्याचे तेल १९५३ मध्ये अमेरिकेत धातूंवरील पाणी हटविण्यासाठी तयार करण्यात आले. त्याचे नावही 'पाणी हटविण्याचा चाळिसावा प्रयोग' अशा अर्थाचे आहे. हलक्या गंजाला ते पुरते. भाजलेल्या गंजासाठी खास भेदक तेल घ्यावे. ॲसिटोन आणि स्वयंचलित गिअरपेटीचे तेल समभाग मिसळूनही अनेक जण वापरतात. हे दोन्ही द्रव एकजीव होत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवावी लागते. आणि ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही असल्याने जवळपास ज्योत, विडी किंवा विजेची ठिणगी असता कामा नये.

तथापि कोणते तेल, यापेक्षा किती वेळ, हा प्रश्न मोठा आहे. शनिवारी सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री एकदा तेल सोडून रविवारी काम सुरू करणारा मनुष्य सहसा स्टड तोडीत नाही. शक्य असल्यास मधल्या काळात गाडी थोडी चालवावी. तापून निवताना नट व स्टड किंचित हलतात, आणि निवणाऱ्या फटीत तेल ओढले जाते. मात्र तापलेल्या धुराच्या नळीवर तेल ओतू नये. धूर निघतो आणि प्रसंगी पेटही घेतो. इंजिन कोमट होईपर्यंत थांबावे.

तेलाच्या जोडीला हातोडी. नटाच्या एका बाजूस जड हातोडी किंवा लोखंडाचा ठोकळा टेकवावा आणि विरुद्ध बाजूस लहान हातोडीने टकटक ठोके द्यावेत, सर्व सहा बाजूंनी. उद्देश नट हलविण्याचा नसतो. गंज कठीण पण ठिसूळ असतो. कंपनाने त्यात बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत उतरते. स्टडच्या टोकावर ठोके देताना मात्र आटे चपटे होणार नाहीत याची काळजी घ्यावी. ब्रेकच्या ड्रमवरील चपट्या डोक्याचे स्क्रू साध्या पेचकसाला दाद देत नाहीत; त्यांच्यासाठी हातोडीच्या ठोक्याने फिरणारा पेचकस मिळतो. त्याचा एक ठोका स्क्रूला एकाच वेळी खाली दाबतो, हादरवतो आणि फिरवतो. हे साधन प्रत्येक घरच्या पेटीत असावे.

यानंतर पाना लावावा आणि प्रथम नट सोडविण्याऐवजी किंचित आवळण्याचा प्रयत्न करावा. ही सूचना नवशिक्यास विपरीत वाटते. परंतु गंजाचे बंध दोन्ही दिशांना सारखेच तुटतात, आणि अगदी थोड्या आवळण्याने ते तुटले की परतीचा मार्ग मोकळा होतो. सोडविताना जोर हळूहळू वाढवावा; झटका देऊ नये.

या क्षणी हाताला जे जाणवते ते ओळखता येणे हीच या कामातील खरी विद्या आहे. नट सुटतो तेव्हा एक कोरडा, तीक्ष्ण आवाज होतो आणि पाना एकदम थोडा पुढे जातो. त्यानंतर नट करकरत फिरतो; ही करकर शुभ समजावी. याउलट पाना निःशब्द, मऊपणाने, गुळाच्या पाकातून फिरावा तसा फिरू लागला, तर नट फिरत नसून स्टडच पिळला जात आहे. तेथे तत्काळ थांबावे. स्टड अजून तुटलेला नाही आणि उष्णतेचा उपाय शिल्लक आहे. नट खरोखर फिरू लागला तरी तो एकदम बाहेर काढू नये. पाव फेरा सोडवावा, अर्धा त्यातला परत आवळावा, तेल घालावे, पुन्हा पाव फेरा. गंजाचा चुरा अशा रीतीने बाहेर पडत राहतो. घाई केल्यास तोच चुरा आट्यांत साठतो आणि जो स्टड आरंभी वाचला तो शेवटच्या दोन आट्यांवर तुटतो.

उष्णता हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे आणि सर्वांत धोकादायकही. आठ मिलिमीटरचा नट तीनशे अंश सेल्सियसने तापविला तर त्याचे भोक सुमारे ०.०३ मिलिमीटरने मोठे होते. हा आकडा नगण्य वाटतो. पण आट्यांमधील फटही त्याच मापाची असते हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. ज्योत नटावर धरावी, स्टडवर नव्हे, आणि शक्य तितक्या झटपट. सावकाश तापविल्यास दोन्ही सारखेच प्रसरण पावतात आणि लाभ काहीच होत नाही. तापलेल्या नटाला मेणबत्ती टेकविण्याची जुनी युक्ती आहे. मेण वितळून आट्यांत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते.

ज्योत पेटविण्यापूर्वी मात्र आजूबाजूला पाहिलेच पाहिजे. जुन्या गाडीखाली पेट्रोलची नळी, टाकी, ब्रेकच्या नळ्या, रबराचे बुश, डांबरी लेप आणि तेलाने माखलेला चिखल हे सर्व हातभर अंतरात असते. भेदक तेल नुकतेच लावले असेल तर ते पुसून वाळू द्यावे. ब्रेक धुण्याच्या क्लोरीनयुक्त द्रवाचा अंश तापला तर अत्यंत विषारी वायू निर्माण होतो, आणि जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा असलेल्या नटांचा धूरही घातक असतो. शॉक ॲब्सॉर्बरसारखा बंद भाग तर कधीच तापवू नये. अग्निशामक व वाळूची बादली हाताशी असावी, काम उघड्या अंगणात व्हावे, आणि एक दुसरा मनुष्य जवळ असावा. बंगळुरातील उंच इमारतींच्या तळघरांत जेथे आता बहुतेकांच्या गाड्या उभ्या असतात, तेथे हा उपाय करणे म्हणजे शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ होय. गाडी उघड्यावर न्यावी किंवा गॅरेजमध्ये द्यावी. स्टिअरिंगचे व निलंबनाचे बोल्ट उच्च प्रतीच्या पोलादाचे असतात. ते लाल होईपर्यंत तापविल्यास त्यांची ताकद जाते, आणि हे बाहेरून दिसत नाही. असे बोल्ट कापून काढावेत व नवे बसवावेत.

गाडी केवळ जॅकवर उभी असताना तिच्याखाली शिरून अडलेल्या नटावर जोर करणे ही या सर्व कामातील सर्वांत मोठी चूक. जोर आडवा लागतो, जॅक कलतो. भक्कम स्टँड हवेत, जमीन सपाट हवी, आणि चाकांचे नट गाडी उचलण्याआधीच, चाके जमिनीवर असताना, सैल करावेत. जोर करताना पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा. ढकलला आणि निसटला तर बोटांची हाडे पत्र्यावर आपटतात.

ब्रेकच्या नळ्यांचे नट वेगळ्या जातीचे आहेत. ते पोकळ असतात, त्यांतून नळी जाते, आणि गंजामुळे नट नळीलाच चिकटतो. नट फिरला की नळीही पिळली जाते. अशी पिळलेली नळी पुन्हा सरळ करून वापरण्याचा मोह टाळावा आणि ती बदलावी. हवा काढण्याची निपलही पोकळ व नाजूक असते; तिच्यावर लहान पाना, पुष्कळ तेल आणि दोन दिवस, एवढेच चालते.

पद्मिनीच्या प्लगबाबत कारागिरांत मतभेद आहेत. तापलेल्या ॲल्युमिनियमचे भोक पोलादापेक्षा जवळजवळ दुपटीने पसरते, म्हणून गरम इंजिनावर प्लग लवकर सुटतो, असे काहींचे म्हणणे. परंतु गरम ॲल्युमिनियम मऊही असते आणि त्याचे आटे लवकर सोलले जातात. इंजिन थंड किंवा फार तर कोमट असताना पाव फेरा सोडविणे, प्लगभोवती तेल सोडून थांबणे आणि मग मागेपुढे करीत काढणे, हा मार्ग सावकाश असला तरी हेड वाचविणारा आहे.

एवढे करूनही काही नट निघत नाहीत. मग नटाचा त्याग करून स्टड वाचवावा. नट फोडण्याचे एक लहान साधन मिळते; त्याची धार स्क्रूने नटात घुसवली की तो एका बाजूने चिरतो. ते नसल्यास हॅकसॉने नटाची एक सपाट बाजू स्टडला समांतर कापावी आणि छिन्नीने उकलावी. स्टड स्वतःच बाहेर काढावयाचा असल्यास त्यावर दोन नट एकमेकांवर आवळावेत आणि आतला नट सोडविण्याच्या दिशेने फिरवावा. दोन्ही नट कुलपासारखे अडकल्याने स्टड फिरतो.

आणि स्टड तुटलाच तर? तुकडा थोडा बाहेर असल्यास त्यावर नवा नट वेल्डिंगने जोडणे सर्वांत चांगले, कारण जोडताना मिळणारी उष्णताच अर्धे काम करते. तुकडा आत खोल तुटला असेल तर नेमक्या मध्यावर पंच मारून भोक पाडावे लागते. हे भोक केसभर बाजूला गेले तरी हेडचे आटे जातात. त्या भोकात उलट्या आट्यांचा काढणीचा पेच घालण्याची पद्धत आहे, पण तो पेच अतिशय कठीण व ठिसूळ असतो. तो आत तुटला तर साधा ड्रिल त्याला ओरखडाही काढू शकत नाही. जो स्टड नट लावून निघाला नाही तो त्याहून बारीक पेचाने निघेल, ही अपेक्षा तशीही फारशी तर्कशुद्ध नाही. येथे घरचे काम थांबवून भाग उतरवावा आणि पीन्या औद्योगिक वसाहतीतील किंवा कलासिपाळ्यातील एखाद्या यंत्रशाळेत न्यावा. तेथे तुकडा कोरून काढता येतो, बिघडलेल्या भोकात पोलादी तारेचे वेटोळे बसवून मूळ मापाचे आटे परत मिळतात, आणि नमुन्याबरहुकूम नवा स्टडही कातून मिळतो.

पुन्हा जोडणी करताना जुने आटे टॅप व डाय फिरवून साफ करावेत. मॅनिफोल्डवर अनेक इंग्रजी गाड्यांत मुळात पितळेचे नट असत. पितळ गंजत नाही आणि पोलादाला चिकटत नाही, म्हणून कारखान्याने ते योजले होते. मधल्या वर्षांत कोणीतरी स्वस्त पोलादी नट लावलेले आढळतात. ते काढून पितळेचेच लावावेत. इतरत्र तांब्याचा किंवा ग्रॅफाइटचा चुरा असलेले उष्णतारोधक ग्रीस आट्यांवर पातळ लावावे. वंगण लावलेल्या आट्यांत घर्षण कमी असल्याने त्याच पिळाने बोल्ट अधिक ताणला जातो. पुस्तकातील आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर तो सुमारे पाव भागाने कमी धरावा. चाकांच्या नटांना व ब्रेकच्या जवळ असे ग्रीस लावू नये. नायलॉनची कडी असलेले नट एकदाच वापरण्याचे असतात, आणि काढलेली स्प्लिट पिनही पुन्हा घालू नये.

मॅनिफोल्डचे नट पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, पुन्हा एकदा पान्याने तपासावेत. नवे गास्केट दबल्यामुळे ते किंचित सैल झालेले असतात.